ओटीत घातलेली खुर्ची

शितलबद्दल मारुतरावांना खरं म्हणजे फारसं काही ठाऊक नव्हतं. ती दौंड तालुक्यातल्या खुटबावची, माहेरी शेवंती-झेंडूचा मळा, नवरा विनोद एका कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो आणि ती स्वतः गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाईनवर आहे, एवढंच. कारेगावात मारुतरावांनी कामगारांसाठी खोल्या बांधल्या होत्या, त्यातल्या कडेच्या खोलीत ती दोघं राहत. तिला काय आवडतं, कशाचा राग येतो, कसली काळजी लागून राहते, यातलं काहीही मारुतरावांना सांगता आलं नसतं. त्यांचं आणि तिचं सगळं बोलणं व्हायचं ते पाण्याच्या मोटरीवर. सकाळी ती म्हणायची, "आबा, मोटर लावा." थोड्या वेळानं म्हणायची, "आबा, मोटर बंद करा." मारुतराव दोन्ही वेळा "व्हय" म्हणायचे.

एवढ्या ओळखीवर कुणाची हकीकत सांगायची म्हणजे रस्त्यानं जाता जाता दुसऱ्याच्या विहिरीला पाणी किती ते सांगण्यातला प्रकार. पण कारेगावच्या सलूनमध्ये आणि रसवंतीवर अजूनही सांगतात, की त्या भाडेकरणीनं मारुतरावाची खुर्ची लाटली. ते साफ खोटं आहे. खुर्ची कुणी लाटली नाही. ती वाजतगाजत गेली.

आधी खुर्चीचंच सांगायला हवं.

मारुतराव एके काळी गावच्या विकास सोसायटीचे चेअरमन होते. गावात दोन गट, एकाचा माणूस दुसऱ्याला चालेना. तेव्हा दोन्ही गटांना एकाच माणसाविषयी खात्री वाटली, की हा काही बोलणार नाही. मारुतरावांनी त्या विश्वासाला कधी तडा जाऊ दिला नाही. समोर येईल त्या ठरावाला "मंजूर" म्हणत त्यांनी मुदत काढली, आणि पायउतार होताना सभासदांनी खूश होऊन त्यांना सागवानी खुर्ची भेट दिली. रुंद हातांची, उंच पाठीची, पाठीवर मोर कोरलेला. फक्त एक पाय किंचित आखूड निघाला, त्यामुळं ती डुगडुगायची. पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली की मात्र गप्प बसायची, अगदी चेअरमनसारखी.

पुढं एमआयडीसीत शेत गेलं. जिथं मारुतरावांची बाजरी उभी असायची तिथं कारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याला बायका पुरवायचं काम त्यांच्या मुलाला, इंद्रजीतला मिळालं. इंद्रजीत लेबर कॉन्ट्रॅक्टर. पांढरी गाडी, पांढरे कपडे, आणि वाढदिवसाला चौकात स्वतःचा फ्लेक्स. निमोण्यापासून कारेगावापर्यंतच्या बाया त्याच्या नावावर कामाला. जेवताना तो कंपनीच्या गोष्टी अशा सांगायचा, जणू ती कंपनी त्याच्या आज्यानं काढली होती.

"आबा, आपल्याकडं आजवर एकाबी गरवार बाईला कामावरनं काढलं न्हाई. कुणाबी कंपनीला इचारा, आसं रेकॉर्ड न्हाई घावायचं."

"मग त्या जात्यात कुठं?" तुळजाबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं. तुळजाबाई म्हणजे मारुतरावांच्या पत्नी. नवऱ्यानं जन्मभर न बोललेलं सगळं त्यांच्या वाट्याला आलेलं.

"आपल्या आपण जात्यात."

"सगळ्याच?"

"आता ज्याची त्याची मर्जी, आई."

ही मर्जी कशी होते, ते तुळजाबाईंना नळावरच्या बायांकडून कळलेलं होतं. पूर्वी लाईनवर बसायला स्टुलं होती. मग पुण्याहून करुणा मॅडम नावाच्या एचआरच्या साहेबीण आल्या आणि त्यांना शोध लागला, की बसून काम केलं की माणसाला आळस येतो. हा शोध त्यांना चाकाच्या, मऊ पाठीच्या, गोल फिरणाऱ्या खुर्चीत बसून लागला. स्टुलं भंगारात गेली. भंगाराचा ठेकाही इंद्रजीतकडंच होता. तेव्हापासून सगळ्या बाया उभ्यानं वायरिंगचे जुडगे बांधू लागल्या. बाजरी उभी राहायची ते ठीक, तिचे पाय सुजत नसत.

एखाद्या बाईला दिवस गेले, की सुपरवायझर खंडू तिला कौतुकानं लाईनच्या पार शेवटाला नेऊन उभी करी. तिथं भरलेले क्रेट उचलायचे असत आणि संडास सगळ्यात लांब असे. काही दिवसांनी खंडू मायेनं विचारी, "ताय, झेपतंय का? न्हाई झेपत तर तसं लिहून दे. पेन माझ्याकडं हाय." बाई लिहून देई. निमोण्याच्या अनितानं असंच लिहून दिलं होतं. बाळंत होऊन ती परत गेटवर गेली, तेव्हा खंडूनं तिला विचारलं, "आपण कोण?" आता अनिता दुसऱ्याच्या रानात कांदा खुरपते. तिथं निदान बसून खुरपता येतं.

गरोदर बाईला पगारी रजा द्यावी लागते, तिला जड काम सांगता येत नाही, आणि त्यापायी कामावरून काढता येत नाही, असा कायदा आहे. कंपनीला तो ठाऊक होता. त्याचा छापील तक्ता कँटीनमध्ये लावलेलाही होता. फक्त त्याच्यापुढं पाण्याचा कूलर उभा होता.

शितलला दिवस गेले तेव्हा ती स्वतःहून करुणा मॅडमकडं गेली. मॅडम म्हणाल्या, "अगं, किती छान! आपली कंपनी म्हणजे एक फॅमिलीच आहे."

"मग बसायला द्या की मॅडम. फ्यामिलीत बसायला देत्यात."

मॅडमनी पॉलिसी बघते म्हणून सांगितलं. पॉलिसी बघून झाली आणि शितल लाईनच्या शेवटाला क्रेटपाशी गेली. खंडूनं यथाकाळ पेन पुढं केलं.

"पेन ऱ्हाऊ द्या दादा," ती म्हणाली. "मी बाळंत व्हायला जाणार हाय, मरायला न्हाई. जागा माझी हाय, परत येनार हाय."

हे सगळं तुळजाबाईंनी घरी येऊन सांगितलं. मारुतराव "व्हय का" म्हणाले. संध्याकाळी शितल कामावरून यायची तेव्हा खोलीच्या पायरीवर चढण्याआधी भिंतीला हात टेकून थोडी थांबायची, हे त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या पाहिलं होतं. मग ते मोटरीकडं बघायचे.

असंच चाललं असतं तर महिन्याभरात शितलचीही मर्जी झाली असती. पण मध्येच मुंबईच्या हेड ऑफिसचं ठरलं, की प्रत्येक कारखान्यात मातृत्वाचा सन्मान करायचा, आणि अनुपमा मॅडम नावाच्या मोठ्या साहेबीण त्यासाठी स्वतः येणार. करुणा मॅडमनी उत्साहानं जाहीर केलं, की आपण डोहाळजेवण करू, अस्सल गावरान पद्धतीचं. फ्लेक्स आला, गुलाबी. कमान आली. फुलांचे दागिने आले. मग शोधाशोध सुरू झाली, आणि लक्षात आलं की कंपनीत गरोदर बाई उरलीय एकच. बाकीच्या आपल्या आपण गेल्या होत्या.

खंडूला हुकूम झाला, हिच्याकडं आता पेन न्यायचं नाही. निदान शुक्रवारच्या कार्यक्रमापर्यंत.

झोपाळा टांगायचं ठरलं होतं, पण सेफ्टीच्या साहेबांनी हरकत घेतली. जमिनीपासून पाय सुटत असतील तर वेगळी परवानगी लागते म्हणाले. पोटुशी बाई क्रेट उचलते त्याला लागत नव्हती, पण ते खातं वेगळं असावं. कँटीनमधल्या प्लास्टिकच्या खुर्च्या फोटोत चांगल्या दिसेनात. तेव्हा इंद्रजीतला घरची मोराची खुर्ची आठवली. त्यानं ती पिकअपमध्ये टाकली.

"आरं, मग मी कशावं बसू?" मारुतरावांनी विचारलं.

"दोन दिस प्लास्टिकच्यावं बसा. कंपनीची इज्जत हाय, आबा."

कॉन्ट्रॅक्टरची आई म्हणून ओटी भरायला तुळजाबाईंना बोलावणं आलं, आणि त्यांना घेऊन जायला म्हणून मारुतराव गेले. कँटीनमध्ये मागच्या बाजूला, कूलरशेजारी ते उभे राहिले. पुढं कमानीखाली त्यांची खुर्ची झेंडूनं मढवलेली होती. मोर दिसत नव्हता. शितलला लाईनवरून आणून युनिफॉर्मवरच हिरवी साडी गुंडाळली होती, आणि फुलं चुरगाळतील म्हणून मोठ्या मॅडम येईपर्यंत खुर्चीवर बसायचं नाही, अशी ताकीद होती. मोठ्या मॅडमची गाडी रांजणगावच्या चौकात अडकलेली. सगळे साहेब बसले होते. जिच्या कौतुकाचा सोहळा ती मात्र खुर्चीच्या कडेला उभी होती, आधी एका पायावर, मग दुसऱ्या पायावर.

अखेर अनुपमा मॅडम आल्या. भाषण झालं. शितलला बसवलं. तुळजाबाईंनी हळदीकुंकू लावलं, खण-नारळ, गहू घातले. मग करुणा मॅडमनी खुणावल्यावर अनुपमा मॅडमनी माईक पुढं धरला आणि लाडात विचारलं, "शितल, सांग बघू, तुला कसले डोहाळे लागलेत?"

उत्तर ठरलेलं होतं. 'पाणीपुरी' म्हणायचं होतं. तिचा गाडा दाराबाहेर तयार होता आणि फोटोवाला गाड्यापाशी.

शितल म्हणाली, "मला बसायचं डोहाळं लागल्यात, मॅडम."

सगळे हसले. अनुपमा मॅडमही हसल्या. "अगं, बसलीयेस की! किती गोड दिसतेयस."

"आत्ता बसलीय. पानीपुरी झाली की तुमी मुंबईला जानार आन् मी लाईनला उभी ऱ्हानार. हितं बसून काय करू? मला तिथं बसून काम करायचंय. बाळंत हून परत त्याच जागंवं यायचंय. दुसरं काय डोहाळं न्हाईत."

कूलरची घरघर ऐकू यायला लागली. इंद्रजीत पुढं सरसावला आणि माईक घेऊ लागला. "मॅडम, जरा चेष्टेखोर हाय ती—"

"इंद्रजीत, हात काढ," तुळजाबाई म्हणाल्या. त्यांच्या हातात अजून कुंकवाचा करंडा होता. "डोहाळं इचारल्यावं पुरवावं लागत्यात. न्हाई पुरवलं तर लेकराचं कान फुटत्यात. तुझ्या येळंला मला चिच्चा मिळाल्या न्हाईत, म्हनून तर तुला आजून ऐकू येत न्हाई."

बायांमधून हसू फुटलं. तुळजाबाईंनी बोटभर कुंकू घेतलं, खुर्चीच्या एका हाताला लावलं, दुसऱ्या हाताला लावलं, वरून चिमूटभर गहू टाकले आणि म्हणाल्या, "घे बये. ही खुर्चीच तुझ्या वटीत घातली. जा घीऊन लाईनला."

अनुपमा मॅडमना वाटलं, हाही विधीतलाच भाग. त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. "सो ब्युटिफुल! काय सुंदर ट्रॅडिशन आहे!" त्यांनी टाळ्या वाजवल्या. मोठ्या मॅडमनी वाजवल्या म्हणून करुणा मॅडमनी वाजवल्या, त्यांनी वाजवल्या म्हणून खंडूनं, आणि खंडूनं वाजवल्यावर साऱ्या कँटीननं. खुर्ची लाईनकडं नेताना चौघी बाया, पुढं सनईची कॅसेट आणि मागं फोटोवाला. तो फोटो त्याच दिवशी हेड ऑफिसनं सगळ्या जगाला दाखवला. खाली लिहिलं होतं, की आमच्या कंपनीत प्रत्येक आईला सन्मानाचं आसन मिळतं.

मारुतराव मागं कूलरपाशी उभेच होते. खुर्ची त्यांची होती. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण ते त्यांना नवीन नव्हतं.

नंतरचे काही दिवस कंपनीत मोठा पेच होता. शितल मोराच्या खुर्चीत बसून जुडगे बांधत होती आणि तिला कुणी उठवू शकत नव्हतं. खुर्ची काढायची तर हेड ऑफिसचा फोटो आडवा येत होता. ठेवायची तर खुर्ची कंपनीच्या मालमत्तेत नव्हती, तिच्यावर नंबर नव्हता, आणि नंबर नसलेली वस्तू आत असूच शकत नाही, असा नियम होता. शिवाय ती खंडूच्या खुर्चीपेक्षा उंच होती. खंडू तिच्याशी बोलायला गेला की साहेबापुढं हजर झाल्यासारखा दिसायचा.

शेवटी उपाय निघाला. तो इंद्रजीतनं जेवताना सांगितला.

"आबा, उद्या माझ्यासंगं चला. म्हनायचं, माझी खुर्ची मला द्या. बास. मालकानं मागितली तर कुनाचा काय आवाज ऱ्हातो? खुर्ची हलली का चार दिसात ती आपल्या आपण जाईल."

तुळजाबाईंनी भाकरी तव्यावर जरा जोरात टाकली.

मारुतरावांना खुर्ची हवी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांची कंबर धरायची आणि उठताना ती मागं चिकटून यायची. आणि मुलाला ते कधी नाही म्हणाले नव्हते. तसे ते कुणालाच म्हणाले नव्हते. पांढऱ्या गाडीत बसून ते सकाळी कंपनीत गेले. कंपनीचे बूट-टोपी चढवून त्यांना लाईनवर नेलं. पुढं करुणा मॅडम, मागं इंद्रजीत, बाजूला खंडू.

आपल्या बाजरीच्या रानात मारुतराव कितीतरी वर्षांनंतर शिरत होते. दोन्ही बाजूंना बाया उभ्या. कुणी वर बघेना, हात चाललेले. पार शेवटाला शितल खुर्चीत बसलेली, मांडीवर वायरींचा गुंता. मारुतराव दिसताच ती खुर्चीच्या हातांना रेटा देत, पोट सावरत उठली.

"आबा, तुमी? बसा की," ती म्हणाली आणि खुर्ची त्यांच्याकडं सरकवली.

वडीलधारं माणूस आलं म्हणून उठली होती, दुसरं काही नाही. पण करुणा मॅडमचा चेहरा उजळला. खंडूनं तर खुर्चीच्या पाठीला हातही घातला. आता मारुतरावांनी "व्हय" एवढंच म्हणायचं होतं. त्यांचा जन्मभराचा शब्द.

मारुतरावांनी खुर्चीकडं बघितलं. कुंकू अजून हातांवर होतं. सरकवताना ती डुगडुगली. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, क्रेटमधला पुठ्ठ्याचा एक तुकडा काढला, त्याची घडी घातली, गुडघे धरत खाली वाकले आणि आखूड पायाखाली सारली. मग पाठीला धरून खुर्ची हलवून बघितली.

"बस पोरी," ते म्हणाले. "आता हलायची न्हाई."

"आबा!" इंद्रजीत मागून म्हणाला.

"पण आबा, तुम्ही तर खुर्ची न्यायला आला होतात ना?" करुणा मॅडमनी हसू सावरत, म्हणजे हसू जाऊ न देता, विचारलं.

"न्यायला?" मारुतरावांचा आवाज इतका बारीक निघाला, की खंडूला कान पुढं करावा लागला. "वटीतलं परत न्यायला मी काय तिचा वैरी हाय का, मॅडम? डुगडुगती ती. म्हनून बघाय आलतो."

त्यांच्या तोंडून आयुष्यात निघालेलं हेच सगळ्यात लांब भाषण असावं. ते संपल्यावर त्यांना एकदम लाज वाटली आणि ते लगबगीनं दाराकडं निघाले. कंपनीच्या टोपीसकट. इंद्रजीतनं त्यांना गाडीत घेतलं नाही. ते वडापच्या जीपनं घरी आले, टोपी खुंटीला अडकवली, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत बसले. तुळजाबाईंनी न विचारता चहा दिला. त्यात नेहमीपेक्षा साखर जास्त होती.

पुढचं कंपनीनं आपल्या रीतीनं मिटवलं. एकट्या शितललाच बसायला, आणि तेही असल्या खुर्चीत, हे बरं दिसेना. बाकीच्या बाया विचारू लागल्या, आमच्या लेकरांच्या कानांचं काय? मग करुणा मॅडमना नवा शोध लागला, की बसून काम केल्यानं उत्पादन वाढतं. स्टुलं परत आणायचं ठरलं. ती इंद्रजीतच्या भंगारात पडलेलीच होती. त्यानं ती रंग मारून कंपनीला नवीन म्हणून विकली. जाताना त्याचा फायदा झाला होता, येतानाही झाला. बापाशी तो तेव्हापासून पुन्हा बोलू लागला.

शितल सुट्टीवर गेली ती पगारी रजेवर. खंडूनं पेन काढलं नाही. खुटबावला तिला मुलगी झाली. रजा संपल्यावर ती परत गेटवर आली, तेव्हा "आपण कोण" असं कुणी विचारलं नाही. मोराच्या खुर्चीत तेव्हा दुसरीच एक गरोदर बाई बसलेली होती, म्हणून शितल स्टुलावर बसली. जागा तीच, लाईन तीच.

एवढं मिळालं, सगळं नाही. कंपनीत पाळणाघर आहे, कायद्यानं ठेवावंच लागतं. भिंतीवर हत्ती, ससे काढलेत. खेळणी प्लास्टिकच्या वेष्टनातच आहेत, म्हणजे मळत नाहीत. दाराला कुलूप असतं आणि मुंबईचे पाहुणे येतात तेव्हा ते उघडतात. एकदा शितलनं किल्ली मागितली, तर तिला सांगण्यात आलं, की आत लहान मुलं आली तर खोली खराब होईल. तेव्हा मुलीला सांभाळायला नणंद शिरूरला होती, तिच्या शेजारी खोली बघून विनोद आणि शितल कारेगाव सोडून निघाले. कंपनीची बस शिरूरहूनही येते.

त्या सकाळी टेम्पोत सामान चढत होतं. मारुतराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होते. मनात बरंच काही होतं. तिला नीट विचारावं, की त्या दिवशी कँटीनमध्ये ते बोलायचं बळ कुठून आणलंस? आधी ठरवलं होतंस, का ऐनवेळी सुचलं? एवढी वर्षं शेजारी राहून हे एवढंही ठाऊक करून घेतलं नव्हतं. ती पोर कडेवर घेऊन पाया पडायला आली, तेव्हा त्यांनी पोरीचा कान हळूच धरून, उजेडाकडं करून बघितला.

"कान बरं हाय न्हवं?"

"बरं हाय की, आबा. समदं ऐकती."

"मग झालं."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. शितल निघाली, चार पावलं गेली आणि वर गच्चीकडं बघून थांबली.

"आबा, टाकी भरून वाहतीय. मोटर बंद करा."

"व्हय," मारुतराव म्हणाले.